डिस्चार्ज मिळाला, एसटी चुकली

माझे वडील इचलकरंजीत माग चालवायचे. पत्र्याच्या शेडमध्ये चार माग, तेही भाड्याचे. शाळा सुटली की आम्ही दोघी बहिणी आईशेजारी कांड्यांवर सूत भरायला बसायचो. त्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, पण चारांतला एक माग थांबला की झोपेतसुद्धा कळायचं. आडवा धागा तुटला की माग आपोआप बंद पडतो. वडील उठायचे, धागा सांधायचे, माग पुन्हा सुरू. थांबलेल्या मागाला त्यांनी कधी शिवी दिली नाही. शिवी मिळायची ती धागा तुटूनही चालत राहिलेल्या मागाला, कारण मग निघालेलं खराब कापड व्यापारी तोंडावर फेकायचा.

नर्सिंगला आल्यावर हे सगळं मी विसरले होते. आठवलं ते पंचवीस वर्षांनी, आमच्या ट्रस्टनं ‘लीन’चं, म्हणजे कामातलं वाया जाणं कमी करायच्या पद्धतीचं, ट्रेनिंग ठेवलं तेव्हा. तालुक्याचं गाव, नव्वद बेडचं हॉस्पिटल, मी मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख. टाय लावलेले दोन सर आले, कॉरिडॉरमध्ये जपानी शब्दांचा फ्लेक्स लावला, समोसे झाले, सर गेले. फ्लेक्स वर्षभर होता. त्या दोन दिवसांतली एकच गोष्ट माझ्या डोक्यात राहिली: टोयोटावाले मुळात मागवाले. साकिची तोयोदांनी धागा तुटला की स्वतः थांबणारे माग बनवले. त्यांच्या १९२४ च्या ‘जी टाइप’ मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. आणि ज्या ताइची ओनोंनी पुढं मोटारीच्या कारखान्यात ही कामाची पद्धत बसवली, तेही १९३२ साली आधी तोयोदांच्या कापडगिरणीतच लागले होते. म्हटलं, अरेच्चा, ही तर आपल्या शेडमधली विद्या.

तेव्हा खाली लिहितेय ते फ्लेक्सवरचं नाही. आमच्यासारख्या लहान-मध्यम हॉस्पिटलच्या इंचार्ज सिस्टर, मेट्रन, आणि स्वतःचं नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर नवरा-बायको, यांना उद्यापासून करता येईल एवढंच आहे.

एका पेशंटच्या मागं दिवसभर बसा

ओनो कारखान्यात जमिनीवर खडूनं गोल काढायचे आणि माणसाला त्यात उभं करायचे. काही करू नकोस, नुसतं बघ. मी खडू घेतला नाही, एक स्टूल घेतलं आणि फीमेल वॉर्डात जाऊन बसले.

भुदरगडकडच्या एक आजी होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन, महात्मा फुले योजनेतून. सकाळी १०:२० ला आमचे डॉक्टर सर राउंडला आले आणि म्हणाले, “आजी, आज घरी.” आजींनी सरांची पाठ फिरायच्या आत पिशवी भरली. नातवाला म्हणाल्या, “साडेतीनची गाडी गावंल.” मी वहीच्या पानावर दोन रकाने आखले. एकाला ‘काम’ नाव दिलं, दुसऱ्याला ‘वाट’.

फाइल राउंडच्या ट्रॉलीवरच राहिली, कारण पुढं बारा पेशंट होते. ११:१५ ला ती टेबलावर आली, तर आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, कॅज्युअल्टीत गेलेले. १२:०५ ला ते डिस्चार्ज कार्ड लिहायला बसले आणि चौदा मिनिटांत उठले. सिस्टरनं उरलेली औषधं मोजून परतीची यादी केली, अकरा मिनिटं. साडेबाराला फाइल ‘खाली’ लिहिलेल्या ट्रेमध्ये पडली. आमचे वॉर्डचे मामा पाच-सहा फाइली जमल्याशिवाय खाली उतरत नाहीत, लिफ्ट एकच आहे आणि ती स्ट्रेचरला लागते. फाइल हलली १:२५ ला. तोवर फार्मसीत जेवणाची सुट्टी. २:१० ला औषधं जमा, सहा मिनिटं. मग बिलिंग. योजनेचा पेशंट, भरायचा एक रुपया नाही, तरी फाइल तिथं तासाच्या वर पडून आणि नोंद पाच मिनिटांची. आरोग्यमित्राकडं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडं, फोटो आणि सह्या, दहा मिनिटं. फाइल वर आली, सिस्टरनं गोळ्या समजावल्या, नऊ मिनिटं. ४:०५ ला आजी वॉर्डाबाहेर पडल्या. साडेतीनची एसटी कधीच गेली होती.

रात्री घरी बसून बेरीज केली. पावणेसहा तासांत काम पंचावन्न मिनिटांचं, वाट चार तास पन्नास मिनिटांची.

त्या दिवशी मला एकही आळशी माणूस दिसला नाही. प्रत्येकजण आपापले हेलपाटे वाचवत होता. मामांचे गुडघे दुखतात म्हणून फाइली साठत होत्या, आरएमओ सगळी कार्डं एकदमच लिहीत होते, बिलिंगवाला दुपारी योजनेच्या फाइली एकत्र घेत होता. ह्या सगळ्यांचे वाचलेले हेलपाटे आजींच्या दिवसातून वजा झाले होते, एवढंच.

बसायचे नियम थोडे आहेत. आदल्या दिवशी स्टाफला सांगून ठेवा की उद्या बसणार आहे आणि कशासाठी बसणार आहे. वहीत माणसांची नावं लिहू नका, जागा लिहा: ट्रे, ट्रॉली, काउंटर. मध्येच उठून काही दुरुस्त करू नका. हे सगळ्यात अवघड, माझी जीभ तीनदा चावली गेली. पहिला तास सगळे तुमच्यासाठी नाटक करतील, म्हणून पूर्ण दिवस बसायचं. बारा वाजेपर्यंत तुम्ही तिथं आहात हे ते विसरतात. आणि वही संध्याकाळी सगळ्यांना दाखवा. एक नवी सिस्टर दिवसभर माझ्याकडं बघून गडबडत होती. “मॅडम, माझं काय चुकलं?” तिला पान दाखवलं. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे ट्रे चुकला.”

गठ्ठा फोडा

लीनच्या पुस्तकी मांडणीत वाया जाण्याचे आठ प्रकार असतात. पाठ करत बसू नका. आमच्यासारख्या ठिकाणी बहुतेक दुखणं एकाच जागी निघतं: कामं साठवून गठ्ठ्यानं करण्यात. गठ्ठा करणाऱ्याला कार्यक्षम वाटतं, गठ्ठ्यात अडकलेल्याला वाट बघावी लागते.

आम्ही काय केलं? ज्यांना उद्या सोडायचं आहे असं सर संध्याकाळच्या राउंडला म्हणतात, त्यांच्या बेडनंबरसमोर बोर्डावर हिरवं मॅग्नेट. रात्रीच्या आरएमओनं डिस्चार्ज कार्डाचा मजकूर तयार ठेवायचा, सकाळी फक्त बदल आणि सही. परत जाणारी औषधं इव्हिनिंगच्या सिस्टरनं मोजायची, सकाळच्या डोसपुरती ठेवून. आरोग्यमित्राला यादी आदल्या दिवशीच. आणि फाइल एकेकटी खाली जाणार. त्यासाठी मामांना आणखी जिने चढायला लावले असते तर त्यांनी मला शाप दिला असता, आणि बरोबरच दिला असता. फार्मसीची औषधं वर घेऊन येणारा पोरगा रिकाम्या हातानं खाली जायचा, तोच जाताना फाइल नेतो.

सरांचं मन वळवायला मी भाषण केलं नाही. वहीचं पान समोर ठेवलं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, “१०:२० ते ११:१५, ही वाट माझी?” म्हटलं, “हो सर.” दुसऱ्या दिवसापासून सही बेडशेजारीच व्हायला लागली.

आता ठरवून सोडलेला पेशंट बहुतेक वेळा जेवणाच्या आधी निघतो. रविवारी निघत नाही. खासगी विम्याचा असेल तर टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपनीच्या, मंजुरीसाठी अडकतोच, ती वाट माझ्या वहीत येते पण हातात येत नाही. फार्मसीचे भाऊ पहिले दोन आठवडे माझ्याशी बोलत नव्हते.

पाच वाजताचं रक्त

गठ्ठ्याची आणखी एक गंमत सांगते, कारण ही जवळपास सगळीकडं असते. आमच्याकडं पहाटे पाचला पेशंटला हलवून उठवायचं आणि रक्त काढायचं. का? नाइटच्या सिस्टरला आठच्या हँडओव्हरआधी सगळं उरकायचं असतं. मग ते रक्त कुठं जातं? रॅकमध्ये. लॅबवाला कधी येतो? साडेआठला. म्हणजे साडेतीन तास माणसाची झोप मोडून काढलेलं रक्त नुसतं उभं. त्यात साखरेचा नमुना चुकून साध्या नळीत गेला असेल तर पेशी आतली साखर खात राहतात, ताशी ५ ते ७ टक्के. मग रिपोर्ट कमी दाखवतो आणि आपण इन्सुलिनचा विचार त्यावर करतो.

‘का’ असं पाच वेळा विचारा म्हणतात ते हेच. पाच हा काही मंत्र नाही, आमचं चौथ्याला संपलं. मात्र ‘कुणी’ असं एकदाही विचारू नका. ‘कुणी’ विचारलंत की पुढची उत्तरं खोटी येतात. आता रक्त सातनंतर निघतं, लॅबचा एक माणूस साडेसातला येतो आणि लवकर घरी जातो. खर्च शून्य.

स्टोअर आणि कपाटातले चोरकप्पे

स्वच्छता, मांडणी, लेबलं, म्हणजे ‘फाइव्ह एस’, हे लोक पहिल्यांदा करतात. फोटो चांगले येतात, कायाकल्प ह्या सरकारी स्वच्छता योजनेच्या तपासणीला आणि एनएबीएच ह्या हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनालाही उपयोग होतो. करा, पण आधी कपाटं उघडून बघा. मी आमच्या चार वॉर्डांची कपाटं उघडली तेव्हा इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवायच्या सुया-नळ्या, कुठं कुठं निघाले विचारू नका: लिनेनच्या मागं, बिस्किटच्या डब्यात, एका सिस्टरच्या पर्समध्ये. ती चोरी नव्हती. रात्री दोनला बाळाला पिवळं इंट्राकॅथ लागलं आणि स्टोअरला कुलूप असलं तर काय करायचं, ह्याचं तिनं शोधलेलं उत्तर होतं. लपवलेला साठा दिसला की समजायचं, स्टोअरवरचा विश्वास संपलाय.

उपाय दोन डब्यांचा. कल्पना ओनोंनी सुपरमार्केटच्या फळीवरून उचलली: गिऱ्हाइकानं माल उचलला की तेवढाच पुन्हा भरायचा. प्रत्येक वस्तूचे दोन डबे, एकामागं एक. पुढचा संपला की मागचा पुढं ओढायचा, आणि रिकाम्या डब्यातलं कार्ड स्टोअरच्या पेटीत टाकायचं. इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, लिहायचं नाही, सही नाही, विनवणी नाही. स्टोअरवाला रोज सकाळी पेटी उघडतो आणि कार्डं बघून डबे भरतो.

डब्यात किती ठेवायचं, हे अंदाजानं ठरवू नका. गुलाबी, म्हणजे २० नंबरचं इंट्राकॅथ आमच्या मेडिकल वॉर्डाला रोज सुमारे १२ लागायचं. भरून यायला जास्तीत जास्त दोन दिवस, म्हणजे २४. वर निम्मं जास्तीचं, म्हणजे ३६. एका डब्यात ३६. निळ्याचं, हिरव्याचं, पिवळ्याचं वेगवेगळं गणित. पावसाळ्यात डेंग्यू-गॅस्ट्रोचे पेशंट वाढतात तेव्हा जूनच्या सुरुवातीला कार्डावरचे आकडे बदलायचे, नाहीतर जुलैत पुन्हा बिस्किटाचे डबे भरतात.

आणि पहिल्या महिन्यात कुणाचाही लपवलेला साठा जप्त करू नका. डबा खरंच भरतो हे दिसलं की तो आपोआप बाहेर येतो. पर्सवाली सिस्टर सहाव्या आठवड्यात स्वतः आणून देऊन गेली.

माग थांबवण्याची मुभा

आता मुद्द्याचं. वरचं सगळं हुशार क्लार्कसुद्धा बसवू शकेल. हे मात्र वरच्या खुर्चीवरच्या माणसाशिवाय होत नाही.

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आमच्याकडं ड्यूटीला होती. सीनियर सिस्टर अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला प्लास्टिकची दहा एमएलची अँप्युल तोडत होत्या. मुलगी म्हणाली, “सिस्टर, थांबा ना, हे पाणी नाही वाटत.” सीनियर वैतागल्या, कारण वॉर्ड भरलेला, अकरा इंजेक्शनं बाकी. पण थांबल्या. ती पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल होती. पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पाडणारं औषध, दिसायला पाण्यासारखंच, आणि ठेवलेलं पाण्याच्याच ट्रेमध्ये.

मला बोलावलं गेलं. अशा वेळी वरिष्ठाचं पहिलं वाक्य पुढची दोन वर्षं ठरवतं. “ट्रेमध्ये कुणी ठेवलं?” असं म्हटलं असतं तर त्या मुलीनं आयुष्यात परत तोंड उघडलं नसतं, आणि सीनियरनं तर नाहीच. मी आधी मुलीला म्हटलं, “बरं केलंस थांबवलंस.” मग सीनियरला म्हटलं, “तुम्ही थांबलात, हे तिच्या बोलण्याइतकंच मोठं.” आणि त्याच दुपारी, संध्याकाळची शिफ्ट यायच्या आत, चारही वॉर्डांतलं पोटॅशियम उचलून आयसीयूच्या कुलपाच्या कपाटात, लाल लेबलाखाली ठेवलं. वॉर्डात लागलं तर तिथून दोन सह्यांवर मिळतं. ‘त्याच दुपारी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कमिटी बसवली असती तर ती पोटॅशियमवर बसली असती आणि ट्रे तसाच राहिला असता.

अमेरिकेत सिॲटलचं व्हर्जिनिया मेसन हे ह्या पद्धतीचं गाजलेलं हॉस्पिटल. तिथले मोठे डॉक्टर आणि अधिकारी २००२ मध्ये जपानला जाऊन कारखान्यात उभे राहिले, आणि परत येऊन कुणीही काम थांबवू शकेल असा नियम केला. तरी २००४ मध्ये तिथं एका बाईंना तपासणीच्या डायऐवजी क्लोरहेक्सिडिन टोचलं गेलं, म्हणजे कातडी पुसायचं जंतुनाशक. दोन्ही बिनरंगी, दोन्ही बिनलेबलच्या वाट्यांत. त्या वाचल्या नाहीत. हॉस्पिटलनं लपवलं नाही, जाहीर माफी मागितली. मी ही गोष्ट प्रत्येक नव्या बॅचला सांगते आणि मग आमच्या ओटीतल्या वाट्या बघायला नेते. एका वेळी बघितल्या तेव्हा आमच्याही दोन बिनलेबलच्या निघाल्या.

पोटॅशियमच्या त्या आठवड्यानंतर आणखी तीन मुलींनी काम थांबवलं. त्यातल्या दोघींचं चुकलं होतं, औषध बरोबरच होतं. त्यांनाही तेवढंच ‘बरं केलंस’ मिळालं पाहिजे. मागसुद्धा कधीकधी उगाच थांबतो.

बोर्डापुढं दहा मिनिटं

सकाळी आठच्या हँडओव्हरनंतर ८:१५ ला बोर्डापुढं उभं राहायचं. खुर्च्या नाहीत, चहा नाही. सिस्टर, आरएमओ, मावशी, मामा, लॅब, फार्मसी, सगळ्यांतला एकेक. तीन प्रश्न: काल कुणाला इजा झाली किंवा होता होता राहिली? आज काय कमी पडणार आहे? काल अडलेलं आज कुठं आहे? मावशींना आधी बोलू द्यायचं, कारण सरांनंतर त्या बोलत नाहीत. बाथरूमचा नळ गळून पुढची फरशी निसरडी होते, हे आम्हाला मावशींकडून कळलं. त्याआधी त्यांना आठ वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

प्रत्येक अडचणीपुढं एक नाव आणि एक तारीख. ‘सर्वजण’ हे नाव चालत नाही.

दोन गोष्टी करू नका

वाचलेल्या वेळातून माणूस कमी करू नका. ट्रस्टच्या मीटिंगला हा प्रश्न येतोच: “एवढं सुरळीत झालं, तर एक मामा कमी चालेल ना?” चालणार नाही. एकदा कमी केलात की पुढं कुणी एक मिनिट वाया जातंय असं सांगणार नाही. कोण स्वतःच्या पोटावर पाय देईल? आमचा वाचलेला वेळ आम्ही डिस्चार्जच्या त्या नऊ मिनिटांत घातला. गोळ्या समजावायला आता वीस मिनिटं मिळतात, आणि नातेवाइकाकडून परत वदवून घेता येतं.

दुसरं, सगळीच वाट कापू नका. भुलीनंतर पेशंट रिकव्हरीत पडून असतो ती वाट नाही, ते काम आहे. बाळंतिणीशेजारी सिस्टर नुसती बसते, तेही काम आहे. वहीत ते ‘काम’च्या रकान्यात जायला हवं. स्टॉपवॉच घेऊन फिरणाऱ्यांना हे लवकर कळत नाही.

सुरुवात करायची तर सोमवारी करू नका, ओपीडी अंगावर येते. मंगळवार किंवा बुधवार धरा, एक वॉर्ड, एक पेशंट, एक वही.

आमच्या बोर्डावर सगळ्यात वरची ओळ अजून लिफ्टची आहे. नाव ट्रस्टींचं आहे. तारीख तीनदा खोडून पुढं ढकलली गेली, आणि मी जुन्या तारखा पुसू देत नाही. मागच्या आठवड्यात ट्रस्टी कॉरिडॉरमधून जाताना बोर्डापुढं थांबले, वाचलं, आणि जिन्यानं वर गेले.